चार खाचांची पुली : जुन्या मिआटाचं टायमिंग बेल्टचं काम

जुनी माझदा मिआटा बघायला गेलं की बॉनेट उघडून आधी रेडिएटरच्या मागे टॉर्च मारावी आणि क्रँकची (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याची) पुली बघावी. मधल्या मोठ्या बोल्टभोवती खाचा दिसतात. चार असल्या तर क्रँकचं नाक (पुढचं टोक) आखूड, आठ असल्या तर लांब. १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या १.६ लिटर गाड्यांत आखूड नाक आहे. पुढे माझदाने क्रँक बदलला. रंग उडालाय का, हूड (कापडी छप्पर) फाटलंय का, सीटला छिद्रं आहेत का, हे सगळं नंतर बघितलं तरी चालतं. मी काम केलं ती गाडी १९९० ची, न्यू जर्सीतली, चार खाचांची. पुढचं सगळं त्या हिशेबाने वाचावं.

गाडीची ओळख ज्यांना नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा लोकांसमोर आली. जपानात तिला युनोस रोडस्टर म्हणत. पहिल्या पिढीचं सांकेतिक नाव 'एनए'. १५९७ सीसीचं ट्विन-कॅम इंजिन, अमेरिकेतल्या गाडीत ११६ अश्वशक्ती, वजन टनाच्या आसपास, ताकद मागच्या चाकांना, चारही कोपऱ्यांत डबल विशबोन. इंजिन मुळात माझदा ३२३ च्या घराण्यातलं, म्हणजे आडवं बसवायचं. मिआटात ते उभं बसवलं. या एका गोष्टीतून पुढे कूलिंगची भानगड निघते, ती येईलच.

क्रँकच्या फिरण्याशी मेळ राखून कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) फिरवणारा टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांना, म्हणजे साधारण ९६,००० किलोमीटरला बदलायचा. हे इंजिन इंटरफिअरन्स प्रकारातलं नाही. बेल्ट तुटला तर गाडी जागेवर थांबते, पण व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत. गंमत अशी की बेल्ट तुटून या इंजिनाचं वाटोळं होत नाही, ते होतं बेल्ट बदलताना. कारण कामात क्रँकचा बोल्ट सुटतो, आणि आखूड नाकाच्या क्रँकवर तो परत नीट बसला नाही तर काही हजार मैलांत क्रँक भंगारात जातो. म्हणून असल्या गाडीचं हे काम कोणी 'दुपारपर्यंत देतो' म्हणाला तर गाडी घेऊन परत यावं.

सामान मागवताना हात आखडता घेऊ नये. बेल्ट, टेन्शनर, आयडलर, टेन्शनरची स्प्रिंग, वॉटर पंप आणि त्याची गॅस्केट, कॅमची दोन ऑईल सील, क्रँकचं पुढचं एक, व्हॉल्व्ह कव्हरची गॅस्केट, कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग, थर्मोस्टॅट, बाहेरचे दोन्ही बेल्ट, रेडिएटरचे वरचे-खालचे होज, क्रँकचा नवा बोल्ट आणि नवी चावी (गाडीची किल्ली नव्हे, बेल्टचं चाक क्रँकवर सरकू न देणारा धातूचा छोटा तुकडा). सील आणि ओ-रिंग या वस्तूंची किंमत किरकोळ असते, पण त्या बदलायला तीच सगळी खोलाखोल परत करावी लागते. बेल्ट आणि पंप चांगल्या जपानी कंपनीचे घ्यावेत. स्वस्त किटमधला बेल्ट चालून जातो, टेन्शनरचं बेअरिंग मात्र लवकर घरघर करायला लागतं.

खोलायच्या आधी एक काम गाडी चालू असतानाच करायचं. आयडलवर ठेवून वरून पुली बघायची. पुलीची बाहेरची कड थोडी डुलत असली तर लगेच घाबरू नये, जुन्या पुलीचं रबर सैल झाल्यानेही कड डुलते. नजर मधल्या बोल्टच्या डोक्यावर ठेवायची. बोल्टचं डोकं जागेवर फिरायच्या ऐवजी चक्राकार हेलकावत असेल तर नाकावरची बैठक गेलेली आहे. दुसरी खूण ताकदीत दिसते. चावीची खाच रुंद होत गेली की बेल्टचं चाक क्रँकपेक्षा मागे राहायला लागतं, कॅमचं टायमिंग ढळतं, आणि गाडी हळूहळू मरगळते. मालक इंजेक्टर साफ करतो, प्लग बदलतो, वायरी बदलतो. दोष पुलीत असतो.

गळतीचं निदानही आधीच करून घ्यावं. मिआटाच्या खाली, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर तेल दिसलं की बहुतेक ठिकाणी 'मागचं मेन सील गेलं' असं सांगतात आणि गिअरबॉक्स उतरवायचा अंदाजखर्च हातात ठेवतात. दहातल्या बऱ्याच गाड्यांत ते तेल वरून आलेलं असतं. इंजिनाच्या मागच्या टोकाला, फायरवॉलजवळ कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याची ओ-रिंग तीस वर्षांत लाकडासारखी कडक होते, तेल तिथून झिरपून हेडच्या पाठीवरून बेलहाउसिंगवर उतरतं आणि खालून अगदी मेन सीलसारखं दिसतं. ब्रेक क्लीनरने मागची बाजू धुवायची, थोडी गाडी फिरवायची आणि आरसा-टॉर्च घेऊन वरून खाली बघत यायचं. सेन्सरखाली ओलं दिसलं तर ओ-रिंग. सेन्सरला १२ चा (म्हणजे १२ मिलिमीटर पान्याचा) एकच बोल्ट आहे, जागा मात्र एवढी अडचणीची की ज्याचा हात बारीक त्यानेच तो काढावा. काढण्याआधी सेन्सर आणि हेड यांच्यावर आडवी एक ओरखड्याची खूण करून ठेवायची. सेन्सर खाचेत एकाच पद्धतीने बसतो, पण थोडा फिरवता येतो, आणि त्या फिरण्यावरच इग्निशन टायमिंग ठरतं.

आता खोलायला घ्यायचं. इंजिन थंड हवं. पुढची बाजू जॅकवर घेऊन स्टँड लावायचे, मागची चाकं जमिनीवर, त्यांना अडणी. सिलच्या (दाराखालच्या पट्टीच्या) कडेवर जॅक लावायचा मोह टाळावा, ती पत्र्याची दुमड चेपते. पुढे क्रॉसमेंबर आणि मागे डिफरन्शियल या जॅकच्या खऱ्या जागा. कूलंट काढायचं. एअर मीटरकडून थ्रॉटलकडे जाणारी आडवी नळी आणि वरचा होज काढला की समोर बरीच जागा होते. रेडिएटर काढणं सक्तीचं नाही, तरी मी काढायला सांगेन. चार बोल्टांचं काम आहे, आणि नाही काढला तर पाना निसटून जाळीवर बसतोच. शिवाय त्याचं वय बघायला मिळतं. या रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिक टाकीचा रंग मुळात काळा असतो. ती तपकिरी-हिरवट झाली असेल तर ती फुटायच्या बेतात आहे, मग परत बसवायची नाही.

वॉटर पंपाच्या पुलीचे १० चे बोल्ट बाहेरचा बेल्ट ताणलेला असतानाच सैल करायचे. बेल्ट काढल्यावर पुली हातात फिरत राहते आणि बोल्ट काही सुटत नाही. मग बेल्ट, पुल्या, प्लगच्या वायरी, प्लग आणि व्हॉल्व्ह कव्हर. प्लग काढलेच पाहिजेत. नाहीतर कॉम्प्रेशनमुळे क्रँक झटक्याने पुढे जातो आणि खुणा जुळवणं अवघड होतं. टायमिंगची कव्हरं तीन आहेत, १० च्या बोल्टांवर. बोल्टांची लांबी सारखी नाही, तेव्हा पुठ्ठ्यावर कव्हराचं चित्र काढून त्या-त्या जागी बोल्ट खोचून ठेवावेत.

क्रँकचा बोल्ट २१ चा. तो सोडवताना गाडी पाचव्या गिअरमध्ये, दुसऱ्या माणसाचा पाय ब्रेकवर, हातात लांब दांड्याचा पाना. आटे नेहमीचेच आहेत, म्हणजे समोरून बघता घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. इम्पॅक्ट गनने सोडवायला हरकत नाही. पण त्याच गनने घट्ट करणं हा या क्रँकच्या मरणाचा सगळ्यात सोपा रस्ता आहे. बोल्ट काढायच्या आधी क्रँक घड्याळाच्या दिशेने फिरवून खुणा जुळवून घ्यायच्या: क्रँकच्या दातेरी चाकावरची खूण ऑईल पंपावरच्या बाणासमोर, आणि वर कॅमच्या चाकांवरची 'आय' आणि 'ई' ही अक्षरं मागच्या पत्र्यावरच्या खुणांसमोर. दोन्ही चाकं सारखीच असतात, दोन्हींवर दोन्ही अक्षरं कोरलेली असतात. इनटेकच्या चाकावर 'आय' वर हवं, एक्झॉस्टच्या चाकावर 'ई'. समोर उभं राहिलं की इनटेक आपल्या डाव्या हाताला. जुन्या बेल्टवर आणि चाकांवर पांढऱ्या रंगाच्या पेनाने ठिपके दिले की नंतर ताळा करायला एक जास्तीचं साधन मिळतं.

बोल्ट निघाला, पुलीचा बॉस (नाकावर बसणारा मधला गाभा) निघाला, बेल्ट निघाला. आता घाई न करता नाक बघायचं. चिंधीने तेल पुसून चावीची खाच उजेडात घ्यायची. दोन्ही कडा सरळ, कोपरे टोकदार आणि चावी हाताने हलवली तर अजिबात न डुलणारी असेल तर क्रँक चांगला. खाचेची एक कड गोलसर झालेली असेल, चावीवर पायरी पडलेली असेल, आणि बॉसच्या आत लालसर-तपकिरी पूड बसलेली असेल तर दोन धातू एकमेकांवर घासत होते. ती पूड म्हणजे लोखंडाचाच गंज झालेला भुगा. माझ्या गाडीत चावीवर नखाला लागेल एवढी हलकी पायरी होती, खाच जेमतेम झिजलेली.

एवढ्या झिजेवर इलाज आहे. धातू-धातूची सांध भरून धरणारं लॉकटाइट ६६० मिळतं, राखाडी रंगाचं, दाट. आधी नाक, खाच, चाकाचा आतला भाग, बॉस आणि बोल्टाचं भोक ब्रेक क्लीनरने पूर्ण कोरडं करायचं. तेलाचा अंश राहिला तर ते धरत नाही. नवी चावी, खाचेत आणि नाकावर लॉकटाइटचा पातळ थर, चाक आणि बॉस जागेवर, नवा बोल्ट, टॉर्क (ठरलेल्या जोराने आवळणं), आणि चोवीस तास गाडीला हात लावायचा नाही. त्या आधी क्रँकचं सील बसवून झालेलं असलं पाहिजे, हे उघड आहे, तरी सांगतो. खाच चांगलीच रुंद झालेली असेल, चाक हाताने पुढे-मागे होत असेल तर मात्र हा इलाज करून आशा लावू नये. तिथे क्रँक किंवा अख्खं इंजिन बदलणं हाच हिशेबी मार्ग, आणि बरेच लोक त्या निमित्ताने पुढच्या गाडीतलं १.८ चं इंजिन आणतात.

सीलांकडे वळू. क्रँकचं सील ऑईल पंपाच्या तोंडात बसतं. ते उचकटताना पेचकसचं टोक क्रँकच्या चकचकीत पृष्ठभागाला लागता कामा नये. एक बारीक उभा ओरखडा पडला की नवं सीलही पहिल्या दिवसापासून गळतं. टोकाला चिंधी गुंडाळावी आणि आधार पंपाच्या बाजूने घ्यावा. नव्या सीलच्या ओठाला इंजिन ऑईल लावून, बाहेरच्या व्यासाएवढ्या सॉकेटने किंवा पाइपच्या तुकड्याने हलक्या हाताने ठोकत तोंडाला समतल बसवायचं, त्याहून आत नाही. कॅमच्या सीलांचीही हीच रीत. कॅमची चाकं काढण्यासाठी कॅमवरच पाना धरायला सहा पैलूंची जागा आहे, ती व्हॉल्व्ह कव्हर काढल्यावर दिसते. कॅम तिथे पकडायचा आणि १४ चा बोल्ट सोडायचा. बेल्टचा आधार घेऊन, किंवा दोन चाकांमध्ये काहीतरी अडकवून तो सोडू नये. बसवताना टॉर्क ४९ ते ६१ न्यूटन-मीटर.

वॉटर पंप बदलायला तसं सोपं, १२ चे बोल्ट, टॉर्क १९ ते २५ न्यूटन-मीटर. सगळा वेळ जुनी गॅस्केट खरवडण्यात जातो. हेड आणि ब्लॉकच्या बाजूचा कागद पूर्ण निघाला पाहिजे, आणि खरवडताना ॲल्युमिनियमवर खाचा पडता कामा नयेत. प्लॅस्टिकचं ब्लेड आणि चिकाटी. पंपाला मागून येणाऱ्या पाण्याच्या पाइपची छोटी ओ-रिंग आणि गॅस्केट किटमध्ये नसते, वेगळी मागवावी. ती विसरली तर पंप नवा आणि गळती जुनी, अशी अवस्था होते.

आता बेल्ट. टेन्शनर स्प्रिंगच्या विरुद्ध बाजूला ओढून तात्पुरता घट्ट करायचा. बेल्ट आधी क्रँकवर, मग आपल्या उजव्या बाजूने आयडलरवरून वर, एक्झॉस्टच्या चाकावर, तिथून ताण न सोडता इनटेकच्या चाकावर, शेवटी टेन्शनरमागून खाली. इंजिन घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून ओढ उजव्या बाजूवर येते आणि ढील डावीकडे जमते. टेन्शनर डावीकडे असण्याचं कारण तेच. उजवीकडे थोडी जरी ढील राहिली तर खुणा आत्ता जुळलेल्या दिसतील आणि क्रँक फिरवल्यावर एका दाताने चुकतील. ताळा घ्यायची खात्रीची रीत म्हणजे वरच्या 'आय' आणि 'ई' या खुणांमधले बेल्टचे दात मोजणं. ते १९ भरले पाहिजेत.

ताणाची रीत माझदाने ठरवून दिलेली आहे आणि ती नुसत्या वाचनाने डोक्यात शिरत नाही. क्रँक घड्याळाच्या दिशेने एक पूर्ण फेरा आणि त्यावर पाच षष्ठांश फेरा फिरवायचा, म्हणजे दोन फेऱ्यांना थोडा कमी. इथे चाकावरची खूण ताणासाठी दिलेल्या वेगळ्या खुणेसमोर येते. आता टेन्शनरचा बोल्ट सैल सोडायचा, स्प्रिंगला तिचं काम करू द्यायचं. हाताने रेटायचं नाही, 'अजून थोडा ताण असू दे' म्हणून दांडा लावायचा तर नाहीच नाही. मग बोल्ट ३७ ते ५२ न्यूटन-मीटरने आवळायचा. आता आणखी दोन फेरे आणि एक षष्ठांश फिरवून सगळ्या खुणा परत जुळतात का ते बघायचं. याच एका जागी ताण का घ्यायचा? कॅमच्या उंचवट्यांवर व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाब देतात, त्यामुळे कॅम कधी पुढे ढकलला जातो, कधी मागे ओढला जातो, आणि बेल्टच्या डाव्या बाजूची ढील जागेनुसार बदलते. दुसऱ्या कुठल्या जागी टेन्शनर सोडला तर तो एकतर जास्त ताणतो किंवा कमी. शेवटी दोन कॅमच्या मध्ये बेल्टवर अंदाजे १० किलोचा जोर दिला की तो ९ ते ११.५ मिलिमीटर दबला पाहिजे. जास्त ताणलेला बेल्ट थंड इंजिनवर शिटीसारखा कण्हतो. तो आवाज एकदा ऐकला की कायमचा ओळखता येतो.

राहिला क्रँकच्या बोल्टचा टॉर्क. आखूड नाकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांब नाकाला १५७ ते १६७. आकडे अदलाबदल करू नयेत, 'जास्त असला तर बरंच' हे इथे लागू नाही. बॉस आणि चाक पूर्ण बसले आहेत, मध्ये गंजाचा कण किंवा रंगाचा पापुद्रा नाही, हे बघून टॉर्क पान्याने एका संथ ओढीत आवळायचा. काही शंभर मैलांनंतर परत पुली बघावी, बोल्टचं डोकं स्थिर आहे ना एवढंच.

व्हॉल्व्ह कव्हर बसवताना पुढच्या कॅम कॅपच्या कोपऱ्यांवर आणि मागच्या अर्धगोलांच्या कडांवर सिलिकॉन सीलंटचा थेंब, बाकी सगळीकडे गॅस्केट कोरडी. टॉर्क फक्त ५ ते ९ न्यूटन-मीटर. हे बोल्ट लोक कचकचून आवळतात, मग ॲल्युमिनियममधले आटे जातात आणि तेल गळतं म्हणून आणखी आवळतात.

कूलंट सहा लिटर, पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे, पाणी डिस्टिल्ड. गाडीचं नाक वर, हीटर पूर्ण गरम, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालवायचं आणि होज दाबत हवा काढायची. थर्मोस्टॅटमधलं हलतं पिन वरच्या बाजूला असलं पाहिजे, हवा तिथूनच निघते.

आणि ती कूलिंगची भानगड. ३२३ मध्ये आडव्या इंजिनाच्या एका टोकाकडून पाणी आत यायचं आणि दुसऱ्या टोकाकडून बाहेर पडायचं. मिआटात बॉनेटखालची रचना जमवायला थर्मोस्टॅट पुढे, पंपाच्याच बाजूला आणला. पाण्याला पुढून येऊन पुढूनच निघून जायची सोय झाली, मागच्या तिसऱ्या-चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला कमी प्रवाह राहिला. रस्त्यावर रोजच्या वापरात याने काही बिघडत नाही. ट्रॅकवर किंवा टर्बो लावल्यावर मागचे सिलिंडर तापतात, आणि काट्याला ते कळत नाही. तेव्हा थर्मोस्टॅट हेडच्या मागे नेणारं किट लावतात. साध्या गाडीला ते किट मी लावणार नाही. हेडच्या मागच्या बाजूचे हीटरचे होज मात्र याच वेळी बदलावेत, ते कोणाच्याही नजरेत येत नाहीत आणि फुटले की इंजिन काही मिनिटांत तापतं.

टायमिंग लावायला बॉनेटखालच्या निळसर-राखाडी डायग्नोस्टिक डबीत 'टीईएन' आणि 'जीएनडी' या दोन जागा वायरच्या तुकड्याने जोडायच्या. इंजिन गरम, आयडल ८५० च्या आसपास, पंखा-दिवे-एसी बंद. एक नंबरच्या वायरला टायमिंग लाइट. कॅम अँगल सेन्सरचा तोच १२ चा बोल्ट सैल करून सेन्सर केसभर फिरवायचा. कारखान्याचा आकडा १० अंश. बरेच लोक १४ वर नेतात, खालच्या आरपीएमला ओढ वाढल्याचं स्पष्ट जाणवतं. त्यानंतर पेट्रोल वरच्या ऑक्टेनचं घालावं लागतं आणि उन्हाळ्यात चढावर इंजिन ठोकतंय का, याकडे कान उघडे ठेवावे लागतात. जोडलेली वायर काढायला विसरू नये, नाहीतर कॉम्प्युटर टायमिंग पुढे नेतच नाही. टायमिंग असं पुढे घेणं ही या गाडीतली सामानाला पैसे न लागणारी एकमेव सुधारणा.

इंजिन चालू झाल्यावर वरून टिक-टिक ऐकू आली तर ते बहुतेक हायड्रॉलिक लॅश ॲडजस्टर (तेलाच्या दाबाने व्हॉल्व्हची फट भरून काढणारे छोटे पेले). गाडी बरेच दिवस उभी होती की त्यातलं तेल उतरतं. ताजं तेल, चांगलं फिल्टर आणि मोकळ्या रस्त्यावरची फेरी, यानेच बऱ्याचदा आवाज जातो. १९९० च्या गाडीतला तेलाच्या दाबाचा काटा खरा आहे, प्रत्यक्ष दाबच दाखवतो. १९९५ पासूनच्या गाड्यांत त्याच्या जागी स्विचवर चालणारा शोभेचा काटा आला.

इंजिनाबाहेरचं रबर यादीत नसलं तरी त्याच पंक्तीतलं आहे. क्लचचा पेडल खाली राहायला लागला, रिव्हर्स टाकताना कचकच झाली तर गिअरबॉक्सच्या बाजूचं स्लेव्ह सिलिंडर बघायचं. रबरी टोपी उचलली आणि आत ओलं दिसलं तर ते गेलं. नुसतं स्लेव्ह बदललं की नव्या दाबाने जुना मास्टर (पेडलकडचा सिलिंडर) थोड्याच दिवसांत हार मानतो, तेव्हा दोन्ही आणि मधला रबरी होज एकदम बदलावा. गिअरच्या दांड्याखाली दोन रबरी टोप्या आहेत. खालची फाटली की कन्सोलमधून गरम हवा आणि आवाज येतो. ती बदलताना दांड्याच्या बुडातल्या कपातलं तेलही बदलायचं. त्यात गिअरबॉक्सपासून वेगळं, सुमारे ९० मिलिलिटर ७५डब्ल्यू-९० असतं. कप कोरडा असेल तर गिअर टाकताना जी खरखर लागते, ती या तेलाने जाते. गिअरबॉक्समध्ये दोन लिटर, डिफरन्शियलमध्ये ०.६५ लिटर. दोन्हीकडे आधी भरायचा बोल्ट सोडून बघायचा, मग काढायचा. उलट केलं आणि भरायचा बोल्ट जाम निघाला तर तेल नसलेली गाडी जॅकवर अडकून पडते.

मागचे ब्रेक पॅड बदलणाऱ्यांसाठी एक इशारा. मागच्या कॅलिपरचा पिस्टन क्लॅम्पने दाबून आत जात नाही. मागच्या बाजूला एक झाकणबोल्ट आहे, त्याच्या आत ४ चा ॲलन की लागतो. उलट फिरवला की पिस्टन आत. नवे पॅड बसले की सुलट फिरवून घट्ट लागेपर्यंत न्यायचा आणि एक तृतीयांश फेरा मागे घ्यायचा. क्लॅम्प लावून जबरदस्ती केली की हँडब्रेकची आतली यंत्रणा मोडते.

बर्फाळ भागातल्या गाडीत गंज शोधायचा तर मागच्या चाकासमोर सिलचं टोक बोटाने दाबावं. हूडवरून आलेलं पावसाचं पाणी सीटमागच्या दोन भोकांतून सिलमार्गे खाली निघतं. पालापाचोळ्याने वाट तुंबली की पाणी आत साचतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरचा फुगा दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी वरून घालून वाट मोकळी होते. तार घालू नये, आतलं रबर फाटतं. बॅटरीही डिकीत आहे, तेव्हा मूळच्यासारखी सीलबंद, वाफ बाहेर सोडायच्या नळीची हवी. साधी बॅटरी ठेवली की डिकीच्या तळाला ॲसिडच्या वाफेने गंज धरतो.

सामान मिळतं का, हा प्रश्न इतर जुन्या जपानी गाड्यांच्या मालकांना रडवतो, इथे तसं नाही. दहा लाखांवर एमएक्स-५ (मिआटाचंच दुसरं नाव) बनल्या, आणि माझदाने २०१८ पासून जपानात पहिल्या पिढीच्या गाड्या नव्याने उभ्या करून द्यायची सेवा सुरू केली. त्यासाठी बंद पडलेले काही भागही परत काढले.

ताकदीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. १.६ वर एअर फिल्टर आणि एक्झॉस्ट बदलून आवाज वाढतो, वेग नाही. खरी वाढ हवी तर टर्बो किंवा १.८ चं इंजिन. दोन्ही वाटांवर आधी १.६ चं सहा इंची डिफरन्शियल आडवं येतं. ते जास्तीची ओढ फार काळ सोसत नाही, १९९४ पासूनचं सात इंची आणावं लागतं, आणि त्यासोबत त्याचे ॲक्सल व प्रॉपेलर शाफ्टही, कारण फ्लँज जुळत नाहीत. त्याचं गुणोत्तर ४.३० च्या जागी ४.१० असल्याने १.६ च्या इंजिनावर गाडी थोडी सुस्त वाटते.

त्याच पैशांत शॉक ॲब्सॉर्बर, सस्पेन्शनचे बुश आणि टायर केले तर फरक पहिल्याच वळणावर कळतो. कंट्रोल आर्मचे अलाइनमेंटचे बोल्ट मात्र बुशच्या नळीत गंजून एकजीव झालेले असतात. अलाइनमेंटवाल्याकडे जायच्या आठवडाभर आधीपासून रोज त्यांच्यावर भेदक तेल मारत राहावं. माझ्या गाडीला पुढे एक अंश निगेटिव्ह कँबर (चाकाचा वरचा भाग आत झुकलेला), टो (वरून बघता चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) शून्य. मागे दीड अंश आणि हलका टो-इन. पुढचा टो बाहेर नेला की गाडी वळायला चपळ होते, पण हायवेवर रेषेत राहत नाही, स्टिअरिंग सतत सावरावं लागतं.